गरोदरपणात व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आली: तीन इंजेक्शनं, नवऱ्याचा रिपोर्ट आणि बाळाची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाविसावा आठवडा चालू आहे. नाव नोंदवताना केलेली व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी, १:१६ आली, त्याचीच दुसरी तपासणी टीपीएचए पॉझिटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. अंगावर कुठे काही नाही आणि पूर्वी काही झाल्याचं आठवतही नाही. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी पेनिसिलिनची तीन इंजेक्शनं सांगितली, त्यातलं पहिलं झालं. त्या रात्री थंडी वाजून ताप आला, पोट दोन-चारदा कडक झालं, म्हणून सासूबाई म्हणतात पुढची घेऊ नकोस. नवऱ्याची व्हीडीआरएल निगेटिव्ह आली, त्यावरून घरात भलतंच सुरू झालंय. दोन वर्षांपूर्वी पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता हे मूल ठेवायचं का?

ठेवा. आणि उरलेली दोन इंजेक्शनं ठरल्या तारखांना घ्या.

गर्भाला होणारे जे मोठे आजार आहेत, त्यातले पोटात असतानाच पूर्ण बरे करता येतात असे फार थोडे. सिफिलिस, म्हणजे उपदंश, ज्याला आपल्याकडे अजून ‘गरमी’ म्हणतात, हा त्यातला एक. याचा जंतू आईच्या रक्तातून वारेतून पलीकडे बाळाकडे जातो. पेनिसिलिनही त्याच वाटेने जातं. आईच्या कमरेत दिलेलं इंजेक्शन हाच बाळाचा उपचार. अमेरिकेत जॉन महोनी यांनी १९४३ मध्ये सिफिलिसवर पेनिसिलिन वापरून दाखवलं. त्याला ऐंशी वर्षं उलटली, बाकी किती जंतू किती औषधांना सरावले, पण हा जंतू अजून पेनिसिलिनला सरावलेला नाही. अशा आजारासाठी गर्भपात सुचवणारं कोणी भेटलं तर त्यांचा सल्ला बाजूला ठेवा.

आता रिपोर्ट. व्हीडीआरएल (किंवा तिचीच बहीण आरपीआर) प्रत्यक्ष जंतू शोधत नाही. जंतूमुळे पेशींची जी मोडतोड होते, तिच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं ती शोधते. त्यामुळे ती कधीकधी फसते. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, एखादा व्हायरल ताप, क्वचित नुसतं गरोदरपण, यांतही ती रिॲक्टिव्ह येऊ शकते. पण तेव्हा आकडा बहुधा लहान असतो, १:२, १:४ असा. तुमचा १:१६ आहे, आणि टीपीएचए ही खास या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं बघणारी तपासणीही पॉझिटिव्ह आहे. पूर्वी कधी यावर पूर्ण उपचार झालेला नसेल, तर याचा अर्थ एकच, आजार आहे आणि उपचार हवा.

त्या १:१६ चा अर्थ असा की रक्तातलं सीरम १६ पट पातळ केलं तरी तपासणी रिॲक्टिव्ह येत होती. पुढे हा आकडा आपल्याला उपयोगी पडणार आहे, म्हणून तो पाठ करून ठेवा. उपचारानंतर तो निदान दोन पायऱ्या उतरायला हवा, म्हणजे १:४ वर. १:१६ वरून १:८ ही उतरण आम्ही धरत नाही, तेवढा फरक त्याच नळीतलं रक्त दुसऱ्यांदा तपासलं तरी पडतो. शक्य तर दर वेळी तपासणी त्याच लॅबमध्ये आणि तीच करा. बाळंतपणापर्यंत आकडा पुरेसा उतरलेला नसला तरी घाबरू नका, आजार जुना असेल तर तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. चढत गेला तर मात्र ताबडतोब दाखवायचं. टीपीएचए बहुतेकींची जन्मभर पॉझिटिव्हच राहते, ती ‘निगेटिव्ह झाली का’ म्हणून पुन्हापुन्हा पैसे घालवू नका.

‘मला तर काहीच झालं नव्हतं’ हे जवळजवळ प्रत्येक बाई म्हणते, आणि ती खरंच सांगत असते. पहिला व्रण दुखत नाही. बाईच्या बाबतीत तो पुष्कळदा योनीच्या आत किंवा पिशवीच्या तोंडावर असतो, दिसणार कसा? तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. पुढे कधीतरी अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायांवर सुद्धा, पण खाज नसते. घामोळं समजून, नाहीतर औषधाची ॲलर्जी समजून आपण सोडून देतो, आणि तेही जातं. मग वर्षानुवर्षं सगळं शांत. रक्ततपासणीशिवाय या शांत काळातला आजार कळायला दुसरा मार्ग नाही. म्हणून तर प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी पहिल्याच भेटीत करायची असते, तोंड बघून ठरवायची नसते.

तुमचा आजार केव्हापासूनचा हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून डॉक्टरांनी तीन इंजेक्शनं लिहिली. ते बरोबर आहे. वर्षाच्या आतला आहे अशी खात्री असती, तर एकानेही काम भागलं असतं.

इंजेक्शनाचं नाव बेंझाथिन पेनिसिलिन, दर वेळी २४ लाख युनिट. दुकानात पेनिड्युअर नावाने मिळतं. ऱ्हुमॅटिक हृदयविकाराची मुलं दर तीन आठवड्यांनी घेतात तेच हे औषध, डोस वेगळा. कुपीत पांढरी पूड असते, पाणी घातलं की दुधासारखं दाट होतं, आणि नीट हलवलं नाही तर खाली साका बसतो. बारीक सुई लावली की निम्मं आत गेल्यावर मध्येच अडकतं. मग सुई काढा, बदला, पुन्हा टोचा. अनुभवी सिस्टर २१ नंबरची सुई लावतात, अर्धं एका कुल्ल्यात नि अर्धं दुसऱ्यात, सावकाश देतात. दुखतं. दोन दिवस बसता-उठता जाणवतं. हे शिरेतून कधीही द्यायचं नाही, ते जिवावर बेतू शकतं. कोणी सलाइनमधून सोडायला निघालं तर हात धरा. हे स्नायूत साठून राहतं आणि दिवसेंदिवस थोडंथोडं रक्तात उतरत जातं, कारण जंतू सावकाश वाढतो आणि औषधही त्याच चालीने मिळत राहावं लागतं.

म्हणून तारखा. दोन इंजेक्शनांत सात दिवस. आठ-नऊ झाले तर चालवून घेऊ, पण गरोदरपणात नऊ दिवसांच्या वर गेलं तर आधीचं जमेस धरत नाही, पहिल्यापासून तीन. मधे सण येतो, माहेरी जाणं होतं, आरोग्य केंद्रात त्या दिवशी औषध संपलेलं असतं. उरलेली दोन्ही इंजेक्शनं कुठे मिळणार हे आजच विचारून ठेवा. खाजगी दवाखान्यांत पुष्कळ ठिकाणी पेनिसिलिन ठेवतच नाहीत, रिॲक्शनच्या भीतीने. भीती अगदी निराधार नाही, पण जीवघेणी रिॲक्शन लाखात एखाद-दुसरीला येते, आणि ती आली तर लागणारं ॲड्रेनॅलिन कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाच्या ट्रेमध्ये असतं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगांसाठीचं सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे हे औषध मोफत मिळतं आणि तिथल्या समुपदेशक बाईंना या विषयावर बोलायची सवय असते. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसायचं.

तुमची थंडी-ताप ही ॲलर्जी नव्हती. ॲलर्जी म्हणजे मिनिटांत, फार तर तासाभरात अंगावर गांधी उठणं, ओठ-घसा सुजणं, धाप लागणं, चक्कर येऊन पडणं. तुम्हाला जे झालं ते काही तासांनी सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. पुष्कळ जंतू एकदम मरतात, त्यांचे तुकडे रक्तात येतात आणि शरीर तापून उठतं. या प्रकाराला यारिश-हेर्क्सहायमर रिॲक्शन म्हणतात. गरोदर बाईला त्यात कळाही येऊ शकतात, म्हणून पोट कडक झालं. ती बहुधा पहिल्याच इंजेक्शनला येते. पुढच्या वेळी तापासाठी पॅरासिटामॉल घरात ठेवा, पाणी भरपूर प्या. कळा ठरावीक अंतराने यायला लागल्या, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. त्या भीतीने इंजेक्शनच सोडणं यात मात्र धोका फार मोठा आहे. उपचार न झालेल्या ताज्या आजारात बाळापर्यंत जंतू पोचायची शक्यता निम्म्याहून कितीतरी जास्त असते. जुन्या, दबलेल्या आजारात ती दहात एकीपर्यंत उतरते. तुम्ही या दोहोंत कुठे आहात हे आपल्याला माहीत नाही.

‘इंजेक्शन नको, गोळ्या लिहून द्या’ अशी मागणी वारंवार होते. गरोदरपणात याला गोळ्या नाहीत, असंच समजा. डॉक्सिसायक्लिन या दिवसांत देत नाहीत. एरिथ्रोमायसिन आणि ॲझिथ्रोमायसिन वारेतून पुरेसं पलीकडे जात नाही, त्यामुळे आईचा आकडा उतरलेला दिसला तरी बाळाला उपचार मिळालेला नसतो. ॲझिथ्रोला तर हा जंतू जगभर सरावतही चाललाय. ज्यांना पेनिसिलिनची खरीच ॲलर्जी आहे, त्यांना मोठ्या रुग्णालयात भरती करून, अगदी थेंबाथेंबाने डोस वाढवत शरीराला पेनिसिलिन सोसायला लावतात आणि मग हेच इंजेक्शन देतात. इतका खटाटोप करतात तो दुसरा भरवशाचा पर्याय नाही म्हणूनच.

सोनोग्राफी आत्ता करून घ्या. ती करणाऱ्या डॉक्टरांना कारण सांगा, नाहीतर ते नेहमीचे अवयव बघून मोकळे होतील. आम्हाला हवं असतं ते असं: बाळाचं यकृत मोठं झालंय का, वार जाड झालीय का, पोटात किंवा कातडीखाली पाणी साठलंय का, रक्त कमी असल्याच्या खुणा आहेत का. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते आणि मग या खुणा दिसू लागतात. काही सापडलं तरी औषध तेच, फक्त देखरेख मोठ्या रुग्णालयात.

नवऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरं इथेच मोडतात.

नवऱ्याची व्हीडीआरएल निगेटिव्ह म्हणजे ‘आजार बायकोने आणला’ हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. एक, जुन्या आजारात उपचाराशिवायही व्हीडीआरएल काही वर्षांनी निगेटिव्ह होऊ शकते. टीपीएचए मात्र बहुधा पॉझिटिव्ह राहते, आणि त्यांची टीपीएचए झालेली नाही. दोन, अगदी ताजी लागण असेल तर पहिले काही आठवडे दोन्ही निगेटिव्ह येतात. तीन, मधल्या काळात कोणत्या तरी कारणाने घेतलेल्या अँटिबायोटिकने त्यांचा आजार दबला किंवा बरा झालेला असू शकतो. चार, जोडीदारांपैकी एकाला जुना आजार असून दुसऱ्याला कधीच न लागणं, हेही नेहमीचं आहे. लागण शरीरसंबंधातून होते ती मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत, नंतर नाही. आणि काही बायकांमध्ये तर आजार लग्नाआधीचा, कधीकधी स्वतःच्या आईकडून जन्मतःच आलेला निघतो. कोणी कोणाला दिलं हे दोन कागद शेजारी ठेवून ठरत नाही. कोणी डॉक्टर ते ठरवून देत असतील तर तो त्यांचा आगाऊपणा समजा.

मी अशा जोडप्याला समोर बसवते तेव्हा मागचं काढत नाही, पुढचं विचारते: बाळंतपण होईपर्यंत हा जंतू पुन्हा आत येऊ नये म्हणून दोघं काय करणार आहात? नवऱ्याने टीपीएचए करायची, त्वचारोग-गुप्तरोग तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं आणि ते सांगतील तो उपचार घ्यायचा. मागच्या तीन महिन्यांतल्या संबंधातून ताजी लागण झाल्याची शंका असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी इंजेक्शन देतात. तोवर आणि तुमची तीन पूर्ण होईपर्यंत संबंध नकोत. नंतर बाळंतपणापर्यंत निरोध वापरा. एकदा बरं झालं की पुन्हा होत नाही, असं या आजारात नाही. ‘चुकीचा रिपोर्ट’ म्हणून निघून गेलेले, पण पंधरा दिवसांनी एकटेच, तोंडाला रुमाल बांधून इंजेक्शन घ्यायला आलेले नवरे मी पाहिले आहेत. आले ना, पुरे. सासूबाईंना सगळं सांगायलाच हवं असंही नाही. रक्तात जंतू आहे, बाळासाठी इंजेक्शनं आहेत, हे खरंच आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

व्हीडीआरएल २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान एकदा आणि बाळंतपणाच्या वेळी पुन्हा करायची. बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं. या आजारापायी सिझर लागत नाही. स्तनावर व्रण नसेल तर अंगावरचं दूध पहिल्या तासापासून पाजा, दुधातून हा आजार जात नाही.

बाळाला काय लागेल हे बरंचसं तुमच्या कागदावर ठरतं, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बालरोगतज्ज्ञाला चार गोष्टी कळायला हव्यात: आईला कोणतं औषध दिलं, किती डोस, कोणत्या तारखांना, आणि आकडा किती होता किती झाला. शेवटचा डोस आणि जन्म यांत निदान चार आठवडे असतील आणि औषध पेनिसिलिनच असेल, तरच आईचा उपचार पुरेसा धरतात. तुमच्याकडे अजून भरपूर आठवडे आहेत. पण कार्डावर नुसतं ‘इंजेक्शन दिले’ असं लिहिलेलं असेल, तर बाळाचे डॉक्टर ते मोजू शकत नाहीत. मग सगळं नीट होऊनही बाळाला दहा दिवस सुया सोसाव्या लागतात. माता-बाल संरक्षण कार्डावर औषध, युनिट, तारीख, शिक्का, असं प्रत्येक वेळी लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. बाळंतपण माहेरी होणार असेल तर हे आणखीनच गरजेचं.

जन्मल्यावर बाळाची व्हीडीआरएल होईल. रक्त बाळाचं घ्यायचं, नाळेतलं नाही. नाळेत आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं. ती रिॲक्टिव्ह येईल बहुधा, आणि सगळे रडतील. थांबा. तुमची प्रतिपिंडं वारेतून बाळात गेलेली असतात, म्हणून आकडा तुमच्या आकड्याशी ताडून बघायचा. तुमचा १:४ आणि बाळाचाही १:४ किंवा कमी, बाळ तपासणीत ठणठणीत, तुमचा उपचार पुरेसा, तर वजनाच्या किलोमागे ५० हजार युनिट बेंझाथिन पेनिसिलिन एकदाच देतात. बाळाचा आकडा तुमच्या चौपट किंवा अधिक, किंवा अंगावर खुणा, किंवा आईचा उपचार अपुरा, तर भरती करून दहा दिवस पेनिसिलिन. त्या दहांत एका दिवसाहून जास्त चुकलं तर मोजणी पुन्हा एकपासून. ‘आता बरं दिसतंय, आठव्या दिवशी घरी नेतो’ असं म्हणणाऱ्या आजोबांशी आम्ही भांडतो ते यासाठी.

जन्मतः लागण असलेली निम्म्याहून अधिक बाळं पहिल्या दिवशी अगदी गोंडस, निरोगी दिसतात. लक्षणं काही आठवड्यांनी येतात: नाक सतत वाहणं, कधी रक्ताचं; तळहात-तळपायांची साल निघणं; पोट फुगणं, कावीळ. एक खूण घरच्यांनाच आधी दिसते. आंघोळ घालताना एक हात हलवला की बाळ किंचाळतं, आणि तो हात नुसता लोंबता ठेवतं. बाळाला मालिश करणारी बाई म्हणते हात मुरगळला, अस्थिरोगवाले फ्रॅक्चर शोधतात. प्रत्यक्षात हाडाच्या टोकाशी सूज असते आणि एक्स-रेत दोन्ही बाजूंची हाडं कुरतडल्यासारखी दिसतात. पेनिसिलिन सुरू केलं की तो हात पुन्हा हलू लागतो. हे तेव्हा सुटलं तर पुढे बहिरेपणा, डोळ्याच्या बुबुळाची सूज, बसकं नाक, खाचा पडलेले पुढचे दात. ही दुखणी शाळेच्या वयात उघडी पडतात आणि तेव्हा झालेली मोडतोड भरून येत नाही.

घरी गेल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी बाळाची व्हीडीआरएल. तुमच्याकडून आलेली प्रतिपिंडं तीन महिन्यांत उतरू लागतात आणि सहा महिन्यांपर्यंत तपासणी निगेटिव्ह यायला हवी. नाही आली तर पुन्हा तपासणी, पुन्हा उपचार. बीसीजी, पोलिओ वगैरे लसी यामुळे थांबवू नका.

पहिल्या बाळाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण ते वाक्य मला दिसलं. सातव्या महिन्यात पोटात बाळ जाण्याची कारणं बरीच असतात, रक्तदाब, साखर, वार सुटणं. तेव्हाचं रक्त आज तपासता येत नाही, त्यामुळे हेच कारण होतं असं मी म्हणणार नाही. असू शकतं. विसाव्या आठवड्यानंतर मृत बाळ झालं की आईची व्हीडीआरएल केलीच पाहिजे, तुमची तेव्हा झाली नसेल तर ती त्या दवाखान्याची चूक, तुमची नव्हे.

क्यूबाने २०१५ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही आटोक्यात आणल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवलं, जगात पहिल्यांदा. थायलंडने २०१६ मध्ये, शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये. याउलट अमेरिकेत, जिथे पैशाला तोटा नाही, २०२२ या एका वर्षात जन्मतः सिफिलिस असलेल्या बाळांची नोंद ३,७०० च्या वर गेली. औषध दोन्हीकडे तेच होतं, फरक पडला तो बाई वेळेवर तपासली गेली का, यात. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्याच्या उद्दिष्टांत आईकडून बाळाला होणारी ही लागण संपवणंही धरलेलं आहे, आणि एकाच पट्टीवर बोटाच्या थेंबातून एचआयव्ही-सिफिलिस दोन्ही बघायची सोय गावपातळीवर आली आहे. पट्टी छानच, पण ती आकडा देत नाही. ती पॉझिटिव्ह आली की पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी द्यावं आणि आकड्यासाठी रक्त पुढे पाठवावं. ‘रिपोर्ट आला की या’ म्हटलं की निम्म्या बायका परत येत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे.

शेवटी, पुढे पुन्हा दिवस राहिले तर नव्या डॉक्टरांकडे टीपीएचए पॉझिटिव्हच निघेल आणि सगळी धावपळ नव्याने सुरू होईल. तेव्हा तिन्ही तारखांचं हे कार्ड आणि बाळंतपणानंतर सहा व बारा महिन्यांनी केलेल्या व्हीडीआरएलचे कागद समोर ठेवा. आकडा उतरून तिथेच स्थिर असेल आणि नव्याने लागण होण्याजोगं काही घडलेलं नसेल, तर पुन्हा इंजेक्शनं लागणार नाहीत.